पिवळा मासा कधी सोडायचा

भिवाजी रेल्वेत गँगमन होते. चौतीस वर्षं वाशिम जिल्ह्यातल्या जऊळका स्टेशनच्या दोन्ही अंगांनी लाइनीवरून चालले. रुळातला केसाएवढा तडा त्यांना उभ्यानेच दिसायचा. निवृत्तीनंतर सहाव्या वर्षी काचबिंदूने उजवा डोळा गेला. डावा शिल्लक होता, पण त्याचंही बघणं चारी बाजूंनी मिटत आलं होतं. "बांगडीतून पाह्यल्यावानी दिसते," ते सांगायचे.

त्यांचा मुलगा प्रसेनजित पंधरा वर्षं नौदलात पाणबुड्या होता. सुटीवर आला की भिवाजी त्याला हमखास विचारायचे, "पान्याखाली काय दिसते रे?" तो सांगायचा, ते ऐकायचे आणि म्हणायचे, "एकदा मले ने." नोकरी संपवून प्रसेनजित कायमचा परतला, घराजवळच्या मालेगावच्या एका बँकेत लागला, आणि त्याच वर्षी आई पंचफुला अर्धांगाने आडवी झाली. वाचा गेली. घास भिवाजींच्याच हातून घ्यायची, दुसऱ्या कोणी भरवला तर तोंड फिरवायची. चार वर्षं अशीच गेली.

"तुह्या मायले सोडून मी कुठी येत नाई," भिवाजी म्हणाले, आणि समुद्राचा विषय संपला.

मग प्रसेनजितने समुद्रच घरी आणायचं ठरवलं. पुढच्या खोलीत, आईच्या खाटेसमोर, चार फूट लांब काचेची टाकी आली. पाणी थंड ठेवायचं यंत्र आलं, कारण वाशिमच्या उन्हाळ्यात समुद्रातलं काहीच जगलं नसतं. लाइट गेली तरी पंप थांबू नये म्हणून वेगळा इन्व्हर्टर आला. गाळलेल्या पाण्यात समुद्री मीठ कालवून त्याने टाकी भरली. मासे कोणते आणि कधी सोडायचे, हे त्याने कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं.

हा क्रम अकोल्याच्या राजपालने सांगितला होता. त्या भागात समुद्री मासे ठेवणारा तेवढा एकच दुकानदार. "मासा म्हणजे भाडेकरू समजा, भाऊ," राजपाल म्हणाला होता. "जो आधी येईल तो खोली धरते. म्हणून गरीब स्वभावाचे आधी, दांडगे शेवटी. अन् सहा आठवडे नुसते दगड ठेवा. पानी पिकलं पाहिजे, तवा मासा जगते."

कागदावर जानेवारीत केशरी-पांढऱ्या पट्ट्यांच्या क्लाउनफिशची जोडी होती, फेब्रुवारीत फायरफिश, आणि मधे एक-दोन आणखी लहान मासे. सगळ्यांत शेवटी, ऑगस्टमध्ये, पिवळा टँग. हाताच्या पंजाएवढा, अंगभर पिवळाजर्द, लपून न बसता टाकीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरणारा. प्रसेनजितला खरं तर तोच हवा होता. बाकीचे त्याच्या वाटेतले होते.

सहा आठवडे भिवाजी खुर्ची टाकून दगडांसमोर बसले. जानेवारीत थोडं प्रवाळ आलं, मग जोडी आली. ती लहान, कोपऱ्यातल्या प्रवाळाला चिकटून राहायची. भिवाजींनी मान वळवून नजर तिथे नेईस्तोवर ती हललेली असायची. फायरफिश तर दगडाच्या बिळातून बाहेरच येईना.

"असतीन," भिवाजी समजूतदारपणे म्हणाले. "लाजत असतीन."

मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अकोल्याच्या डॉक्टरांनी डोळा तपासला. नस सुकली होती. "गेलेलं परत येत नाही," ते म्हणाले. "थेंब दोन वेळा, एक दिवस चुकवायचा नाही. नीट चाललं तर पाच-सहा महिने जातील. थेंब आहेत तोवर नजर आहे."

हे ऐकून प्रसेनजित तिथूनच राजपालच्या दुकानी गेला. पिवळा टँग होता. मुंबईहून येऊन चार दिवस झाले होते.

"आत्ता नाई," राजपाल म्हणाला. "महिनाभर येगळ्या टाकीत ठेवतो. रोग असला तर तिथं दिसते. तशी तुमची टाकीबी कच्चीच हाये अजून."

"महिना नाई थांबत. बाबाच्या डोळ्याचा काई भरवसा नाई."

"भाऊ, एक मासा सगळी टाकी घेऊन जाते."

"मले बांधून द्या."

राजपालने थर्माकोलच्या खोक्यात पिशवी ठेवून दिली. "मी सांगतलं नव्हतं असं मंग म्हनू नोका," एवढंच बोलला.

त्याच दुपारी घरी येऊन प्रसेनजितने मासा सोडला. भिवाजी खुर्चीत होते. मासा थोडा वेळ तळाशी थांबला, मग वर आला आणि काचेला समांतर सरळ पोहत गेला.

भिवाजींचे हात खुर्चीवरून सुटले. "प्रसेन, हे हळदीवानी काय गेलं रे?"

"दिसला बाबा?"

"गेला... थांब. आला. पुन्हा आला!" ते मोठ्यानं हसले. मग उठून त्यांनी चाचपडत पंचफुलाच्या डोक्याखाली दुसरी उशी दिली. "पाय," ते तिला म्हणाले, "तुह्या लेकानं काय आनलं पाय." संध्याकाळपर्यंत दोघं तशीच पाहत राहिली.

सहाव्या दिवशी टँगच्या अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले. औषध तांब्याचं, ते टाकीत टाकलं तर प्रवाळ मरतात. मासे बाहेर काढावे तर सगळे दगड उपसावे लागतात. प्रसेनजितने एक दिवस विचारात घालवला. तेवढ्यात जोडीतला एक गेला, मग दुसरा. फायरफिश बिळातच मेला असावा. बुधवारी सकाळी टँग आडवा तरंगत होता.

भिवाजी आंघोळीला गेले होते. प्रसेनजितने जाळीने मासा काढला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि वळून पाहिलं तर आई उघड्या डोळ्यांनी बघत होती. त्याने ओठांवर बोट ठेवलं. जिला बोलताच येत नाही तिला आपण गप्प बस म्हणालो, हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्याला तिथे उभं राहवेना.

राजपालने फोनवर सांगितलं, "आता अकरा आठवडे टाकीत एकबी मासा नाई पाहिजे. रोग उपाशी मेला पाहिजे. मंग पहिल्यापासून."

प्रसेनजितने बोटांवर मोजलं. जूनचा शेवट. तेवढे दिवस कसेही काढायचे आणि मग दुसरा पिवळा टँग आणायचा, असं त्याने ठरवलं.

"मामाजीले सांगून टाका," त्याची बायको सपना म्हणाली. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, सासऱ्यांना मामाजी म्हणायची. "मासा मेला तर मेला."

"हसले होते ते, सपना. किती वर्षांनी हसले. तू नोको बोलू."

त्या संध्याकाळी भिवाजींनी विचारलं, "पिवळा कुठी गेला रे?"

"हाये ना, बाबा. दगडामागून फिरून राह्यला."

दुसऱ्या दिवशी त्यांनी खुर्ची पुढे घेतली. तिसऱ्या दिवशी नाक काचेला टेकलं. "आता?"

"आत्ताच तर समोरून गेला."

"अस्सं," भिवाजी म्हणाले. त्यानंतर त्यांनी कधी विचारलं नाही. प्रसेनजितला हायसं वाटलं.

मेच्या सुटीत सपना कोनाडा आवरत होती. मागे थेंबांच्या बाटल्या सापडल्या, सीलसुद्धा न तुटलेल्या.

"मामाजी, हे थेंब टाकून नाई राह्यले तुमी?"

"काय करतं टाकून? नुसतं चुरचुरते. डोळा तर गेलाच."

"कवा गेला?"

"पिवळा दिसाचा बंद झाला तवाच. तुमची तोंडं दिसत होती धुरकट धुरकट. पन एवढा पिवळा समोरून जाते अन् मले दिसत नाई, म्हनलं आता संपलं. आता खरंच काई दिसत नाई. प्रसेनले सांगू नोको, लई मेहनत केली त्यानं."

प्रसेनजित दारातच उभा होता. सपनाने त्याच्याकडे पाहिलं आणि बाटल्या खाली ठेवल्या.

"बाबा," तो म्हणाला, "मासा मेला होता. डोळा नव्हता गेला."

भिवाजींनी आवाजाच्या दिशेला तोंड वळवलं. "कवा मेला?"

"दहा दिवसांतच."

"मंग समोरून गेला असं काहून म्हनत होता तू?"

प्रसेनजितने खालच्या बाटल्या उचलल्या. "उद्या अकोल्याले जाऊ, बाबा."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी डाव्या डोळ्यावर बॅटरी धरली. "उजेड दिसतो?"

"कोनता उजेड?" भिवाजींनी विचारलं.

डॉक्टरांनी बॅटरी विझवली आणि प्रसेनजितला बाहेर बोलावलं. सांगण्यासारखं फारसं नव्हतं. थेंब बंद होते तेवढ्या दिवसांत डोळ्यातला दाब वाढला होता.

परत येताना गाडीत भिवाजी एकदाच बोलले. "लहानपनी तू खोटं बोलला का मले तुह्या तोंडावरून समजे. आता तोंडच बराबर दिसत नव्हतं." आवाजात राग नव्हता. झालं ते सांगत होते.

जूनच्या शेवटी राजपालचा फोन आला. "अकरा आठवडे झाले, भाऊ. पानी साफ असंन. आधी कोनता पाठवू?"

"कोणताच नाई," प्रसेनजित म्हणाला. "दगड अन् प्रवाळ घेऊन जा."

राजपाल मालवाहू ऑटो घेऊन आला. भिवाजींना जयभीम घातला, काही न विचारता दगड खोक्यांत भरले आणि गेला. मागे पाणी उरलं. प्रसेनजित कॅन भरू लागला, तशी खुर्चीतून हाक आली.

"काय करून राह्यला?"

"पानी काढून राह्यलो, बाबा."

"आंगनात नोको सांडू. मिठानं जमीन जळते."

त्याने कॅन मोटारसायकलला बांधले आणि गावाबाहेरच्या मुरमाड खड्ड्यात नेऊन ओतले. अशा पाच-सहा खेपा झाल्या. शेवटचा कॅन भरायला तो आत आला तेव्हा खुर्ची रिकामी होती. भिवाजी भिंतीला धरून मोरीकडे निघाले होते. प्रसेनजित हात द्यायला पुढे झाला.

"राहू दे," ते म्हणाले. "मले शिकू दे."

उंबऱ्याला त्यांचा पाय अडला. त्यांनी तो मागे घेतला, पुन्हा उचलला, पुन्हा अडला. प्रसेनजित रिकामा कॅन हातात धरून तिथेच उभा राहिला.