दोन बुडबुडे

पोटात घालायची दुर्बीण धुण्याआधी तिच्यात हवा भरून ती पाण्यात बुडवायची. बुडबुडा आला की समजायचं, नळीला आतून भोक पडलंय. मग कितीही ब्रश फिरवा, आधीच्या पेशंटची घाण आत राहणारच. धुलाईच्या खोलीतली मावशी हे नव्या मुलींना घसा फोडून सांगायची.

सोमवारी दोन बुडबुडे आले.

"दुसरी दुर्बीण दुरुस्तीला गेलीय, बाहेर वीस पेशंट ताटकळलेत," डॉक्टर खेकसले. "दोन बुडबुड्यांनी काय आभाळ कोसळतंय?"

मावशीनं दुर्बीण तशीच धुतली. वहीत 'ठीक' लिहून तिनं सही ठोकली. मंगळवारीही. बुधवारीही.

गुरुवारी धुतलेली दुर्बीण घेऊन ती आत गेली, तर टेबलावर तिची थोरली बहीण! न कळवताच आली होती.

"डॉक्टर, ही नको," मावशी कशीबशी म्हणाली.

डॉक्टरांनी वही पुढे सरकवली. "सही कोणाची?"



"अगं छोटे, घाबरतेस काय अशी?" बहीण हसली. "बाहेर सगळ्यांना सांगून आलेय, नळी माझ्या बहिणीनं धुतलीय, बिनधास्त जा."

आणि नळी गिळायला तिनं तोंड उघडलं.