मॅडमची पाकिटं

खाऊच्या पाकिटाच्या शिवणीत अर्धी दडलेली ओळ तिने अंगठ्याने ताणून धरली आणि चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ नेली. मक्याचं पीठ, तेल, मीठ, साखर... बरोबर. मॅडमने दिलंय म्हटल्यावर बरोबरच असणार—तरी वाचायचं, चूक सापडेपर्यंत वाचायचं.

मॅडम म्हणजे नवऱ्याच्या मोजणी खात्यातली. दोघं एकाच रानात मोजणीला गेली, दोघांना गोचीड चावली, आणि त्या चाव्याने अशी ॲलर्जी जडली की तेव्हापासून दोघांनाही जनावराचं काही सोसेना. मांस नाही, दूध नाही, औषधाच्या कॅप्सूलमधलं जिलेटिनसुद्धा नाही. पोटात गेलं की काही तासांनी अंगभर गांधी उठायच्या, घसा आवळायचा. एकदा तर दवाखान्यात नेईपर्यंत ती त्याचा हात घट्ट धरून बसली होती—मी, मी बसले होते, मॅडम नव्हे! पण बोलता यायला लागल्यावर त्याने पहिला फोन केला तो मॅडमला. "तिलाच कळेल गं," म्हणाला. म्हणजे मला कळत नाही. जळो मेली ती गोचीड... मला का नाही चावली?

बायकोने आणलेला बिस्किटांचा पुडा तो उलटा करतो, ओळीवर बोट ठेवून वाचतो, मगच फोडतो. त्याचं तिला काही नव्हतं. जिवाशी खेळ आहे. पण मॅडमची पाकिटं तो बोलता बोलता फोडतो, मागे न बघता—ते एवढंसं न बघणं तिला आत कुठेतरी सलत राहायचं.

"वाटीत काढतेयस ना?" बाहेरच्या खोलीतून त्याने विचारलं. "भूक लागलीय."

"वाचतेय."

"अगं, मॅडमने दिलंय ते. ते काय वाचायचं?"

तिने शिवण आणखी ताणली. ...दुधाची भुकटी. पुन्हा वाचलं. दुधाची भुकटीच. पुढच्या बाजूला 'नवी चव' असा लाल पट्टा. कंपनीने माल बदललेला, आणि मॅडमने नेहमीचंच समजून उचललेलं. चुकली! मॅडम चुकली! तिला इतका आनंद झाला की ती ओळ तिने तिसऱ्यांदा वाचली. आता जायचं, पाकीट त्याच्या नाकासमोर धरायचं, त्या ओळीवर बोट ठेवायचं—आणि त्याचा चेहरा नुसता बघत राहायचं...

दारापर्यंत गेली आणि थांबली. मॅडम नेहमी दोन घेते, एक त्याला, एक स्वतःला. तिने दुपारीच खाल्लं असेल तर? एकटी राहते. हे कळलं तर हा चपलासुद्धा न घालता धावेल, तिचा हात धरून बसेल... त्याचं हे धावणं तिला आधी सुचलं; मॅडमचा घसा त्यानंतर आठवला.

पाकीट ओट्यावर टाकून तिने स्वतःच मॅडमला फोन लावला. पलीकडे रिंग वाजत राहिली, आणि फोन उचलला जावा असं आपल्याला मनापासून वाटतंय ना, हे ती आत चाचपडून बघत होती... काही केल्या हाताला लागत नव्हतं.