एक दिवस आधी

यशोदाला बदामीला पाठवायची कल्पना मल्हारची, आणि तिचा संशय तिथूनच सुरू झाला.

चौदा वर्षं सहलीला तिघं मिळून जायची: यशोदा, तिचा नवरा मल्हार आणि सासू मायाक्का. विजापूर झालं, गाणगापूर झालं, गेल्या साली हंपी. यंदा मात्र जानेवारी लागताच मल्हार म्हणाला, "तू आणि राजनंदिनी, दोघी बहिणी जाऊन या की. कारखान्यात मोठी ऑर्डर आहे, मला रजा नाही. आईचे गुडघेही दुखतायत."

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात तो सुपरवायझर होता. ऑर्डर असेलही. पण गुडघे? परवाच मायाक्का दोनदा गच्चीवर चढून शेंगा वाळत घालून आली होती. शिवाय हल्ली यशोदा स्वयंपाकघरात शिरली की मायलेकांचं बोलणं मध्येच तुटायचं. मूल नसलेल्या घरात असं बोलणं तुटलं की बायकोच्या मनात काय येतं, ते सांगायला नको.

तरी ती गेली. आणि खोटं कशाला बोला, बदामीत तिला लई बरं वाटलं. दोघी बहिणी आठ वाजेपर्यंत लोळायच्या, तळ्याच्या पायऱ्यांवर बसून मिरची भजी खायच्या, शाळेतल्या बाईंच्या नकला करून पोट दुखेपर्यंत हसायच्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं घरी फोन लावला. मल्हारच्या आवाजामागं वारा घोंघावत होता, आणि काहीतरी ओरडत होतं.

"कुठं आहात?"

"घरीच की."

"मागं काय ओरडतंय?"

"टीव्ही."

मायाक्का सकाळी टीव्ही लावू द्यायची नाही. यशोदानं फोन ठेवला. मग दिवसभर बहीण काय बोलत होती ते तिच्या कानातच शिरेना.

"अगं, एकच दिवस राहिलाय," राजनंदिनी म्हणाली. "मजेत आहेस, तर राहा की."

"मजेत आहे म्हणूनच डोकं फिरतंय. मला इथं मजेत ठेवून तिकडं काय चाललंय?"

चौथ्या दिवशी पहाटेच्या बसनं ती निघाली. दुपारी दोनला सोलापुरात घरापाशी पोचली, तर दाराला कुलूप. स्वतःच्या किल्लीनं तिनं ते उघडलं. चूल थंड, माठ रिकामा. आधी तिनं मल्हारचं कपाट उघडलं. इस्त्रीचे सगळे शर्ट जागच्या जागी होते. गेली होती ती फाटकी पँट, जुना बनियन आणि वरच्या फळीवरची घोंगडी. म्हणजे दुसरी मुलगी बघायला गेले नव्हते. तिला हायसं वाटलं, पण क्षणभरच. मग फाटक्या पँटीत माणूस आईला घेऊन जातो कुठं?

शेजारच्या सुंदरम्मानं कुंपणावरून डोकं काढलं. "तू उद्या येणार होती ना? ते शनिवारीच गेले की गाडीवर. मोहोळ रोडला, सीनेच्या पुलापुढं कुणा बापूसाहेबांचा मळा आहे म्हणे. तुळशीला पाणी मी घालते."

कोण बापूसाहेब? चौदा वर्षांत हे नाव घरात निघालं नव्हतं. जमिनीचं काही असेल, की घर वेगळं करायचं? बॅग तशीच दारात टाकून यशोदानं एसटी धरली. पूल ओलांडल्यावर उतरली, चहाच्या टपरीवर विचारलं, आणि बांधाबांधानं चालत निघाली.

बापूसाहेबांच्या कांदा निघालेल्या मोकळ्या रानात, लेंडीखतासाठी मेंढरांचा वाडा बसवला होता. दोनअडीचशे मेंढरं, तीन दगडांची चूल, एक बाजलं. मेंढरांच्या मागं साडीचा काचा मारून, हातात काठी घेऊन एक बाई धावत होती आणि असा काही हाकारा घालत होती की पलीकडच्या उसातले पक्षी उडाले. ती मायाक्का होती. घरात हळू बोलणारी, जिन्याचा कठडा धरून उतरणारी. मल्हार मातीत बसून कोकराला बाटलीनं दूध पाजत होता. कोकरू त्याच्या मांडीवर मुतलं, तसं मायलेक आणि मायाक्काचा मेंढपाळ भाऊ तात्याबा असे तिघंही हसत सुटले.

कुत्रं भुंकलं. मायाक्कानं वळून पाहिलं. काचा सोडला, डोक्यावर पदर घेतला. हसणं थांबलं.

मल्हार उठला. "तू? आज?"

"ही तुमची ऑर्डर?"

"त्येला बोलू नगंस," मायाक्का म्हणाली. "म्याच सांगू दिलं न्हाय. तू म्हायेरी गेलीस की दरसाल येतो आमी. यंदा तू जाईनास."

"पण लपवायचं कशाला?"

मायाक्का काठीनं ढेकूळ फोडत राहिली. "लगीन झाल्यावर एकदा आनलं हुतं तुला वाड्यावर. नाकाला पदर लावून बसलीस. घासबी खाल्ला न्हाईस. ह्येला लई लागलं ते."

यशोदा ते पार विसरली होती. तिचे वडील जिल्हा परिषदेत कारकून, मेंढरं तिनं लांबूनच पाहिलेली. काही बोलायला जावं तर तिच्या लक्षात आलं, आत्तासुद्धा ती तोंडानंच श्वास घेत होती.

"बस की सूनबाई, च्या घे," तात्याबा म्हणाला.

ती घोंगडीवर बसली. शेळीच्या दुधाचा चहा उग्र होता, तिनं तो संपवला. पण मायाक्का हात मांडीत घेऊन गप्प बसली होती, अगदी शहरातल्या सोफ्यावर बसते तशी, आणि मल्हार पायातली माती झटकत होता. आपण इथं आहोत तोवर ही दोघं अशीच बसणार, हे तिला कळलं. ती उठली.

"निघते मी. मी तशी उद्याच येणार होते."

मल्हार तिच्यासोबत रस्त्यापर्यंत आला. "रागावलीस?"

"रागावलेय. खोटं बोललात. पुढच्या साली खरं सांगा, मी आपली राजनंदिनीबरोबर जाईन. आणि आईंना म्हणावं, काचा सोडायची गरज नव्हती."

बस सुटली तशी तिनं खिडकीतून कान दिला. रानातून हाकारा आला. तो जुन्या मस्तीतला होता की आपण गेल्याच्या सुटकेचा, ते तिला ठरवता येईना.

घरी येऊन तिनं गरम पाण्यानं अंघोळ केली, बदामीहून आणलेले लाडू एकटीनं खाल्ले. राजनंदिनीचा फोन आला. "काय गं, सापडलं का काही?"

"सापडलं."

"कोण होती?"

"मेंढरं."

पलीकडून बराच वेळ नुसतं हसू येत राहिलं. मग बहिणीनं विचारलं, "आणि आता तू घरात एकटीच?"

"उद्या संध्याकाळपर्यंत," यशोदा म्हणाली आणि पलंगावर आडवीतिडवी पसरली.