कान्हा तांडेलांची करवत

लिफ्ट चालू आहे असं कुंदन तांडेलने खालून दोनदा सांगितलं, तरी चंद्रशेखर गमरे तीन मजले जिन्यानेच उतरले. हातात चादरीत गुंडाळलेलं बारा किलोचं धूड. लिफ्टचं त्यांना ऐकू आलं होतं, कळलंही होतं. पण कळणं आणि पाय वळणं यांचा एकमेकांशी संबंध हल्ली जरा सुटल्यासारखा झाला होता. कुंदनने व्हॅनचं मागचं दार उघडलं, धूड ताब्यात घेतलं आणि दोरीने आवळून बांधलं.

"भाऊ, नक्की ना? नायतर पुढच्या रविवारी जाऊ."

"नको. तयार आहे ती," गमरे म्हणाले आणि पुढच्या सीटवर जाऊन बसले.

ती म्हणजे करवत. पेट्रोलवर चालणारी, साखळीच्या दातांनी ओंडके कापणारी परदेशी चेनसॉ. कुंदनचे वडील कान्हा तांडेल मोरा बंदरावर होड्या बांधायचे. एकोणीसशे चौऱ्याहत्तर साली एका जहाजावरच्या खलाशाकडून त्यांनी ती घेतली आणि वीस-बावीस वर्षं तिच्यावर साग आणि बाभूळ कापली. पुढे फायबरच्या होड्या आल्या, बाबांचे हात थकले आणि करवत माळ्यावर गेली. आता बाबा सत्त्याऐंशीचे होते. हृदयाने असहकार पुकारला होता आणि परवाच डॉक्टरांनी कुंदनला बाजूला घेऊन महिन्यांच्या नव्हे, आठवड्यांच्या भाषेत सांगितलं होतं. म्हातारा कुणाकडे काही मागत नव्हता. फक्त ती मशीन एकदा चालू झालेली ऐकायची आहे, एवढंच त्याने वर्ष-दीड वर्षापूर्वी मागितलं होतं.

आणि मेलेली चेनसॉ जिवंत करणारा माणूस कुंदनच्या ओळखीत एकच होता, कंपनीतले त्याचे जुने सहकारी गमरे.

गमऱ्यांना हा नाद लागला तेव्हा नेरूळच्या त्यांच्या सोसायटीची चांगलीच करमणूक झाली होती. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीत तीस वर्षं मेन्टेनन्स फिटर म्हणून काढलेला सरळ माणूस. दारू नाही, पत्ते नाहीत, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. हा माणूस एका रविवारी भंगारातून गंजलेली चेनसॉ घेऊन येतो काय, मग दुसरी आणतो काय, तिसरी आणतो काय. बंद केलेल्या गॅलरीत फळी ठोकून सात करवती ओळीने बसल्या. गमऱ्यांच्या घरी मनी प्लँट जगत नाही आणि कापायला मात्र सात करवती, अशी सेक्रेटरींनी भर मीटिंगमध्ये चेष्टा केली होती. गमऱ्यांनी जन्मात एक फांदी कापलेली नव्हती. त्यांना कापायचं नव्हतंच. बंद पडलेलं इंजिन उघडायचं, आतली काजळी खरवडायची, कार्बोरेटरची भोकं फुंकून मोकळी करायची, आणि मग दोरी ओढल्यावर ते धडधडायला लागलं की त्यांचा चेहरा दहावी पास झालेल्या पोरासारखा व्हायचा. सगळी खटपट त्या चेहऱ्यासाठी, असं संघप्रिया म्हणायची.

संघप्रिया म्हणजे त्यांची बायको. दवाखान्यात नर्स होती आणि या नादात अर्धी भागीदार. असल्या इंजिनांना नुसतं पेट्रोल चालत नाही. त्यात टू-टी तेल मिसळावं लागतं, एका लिटरला चाळीस मिली. इंजिनाला दुसरं वंगण नसतंच. तेल विसरलं की पिस्टन तापून सिलिंडरला चिकटतो आणि खेळ खलास. पहिल्याच वर्षी गमऱ्यांनी अंदाजपंचे तेल ओतून गॅलरी धुराने भरून टाकली, तेव्हा संघप्रियाने ते खातं त्यांच्याकडून काढून घेतलं. गमऱ्यांनी बाटलीत लिटरभर पेट्रोल मोजायचं आणि बाटली तिच्या हातात द्यायची. ती वीसची सिरिंज दोनदा भरून तेल सोडायची, बाटली उलटसुलट करायची, चिकटपट्टीवर तारीख लिहायची. तेलाचा डबाही स्वयंपाकघरात, तिच्याच कपाटात. पेशंट तुमचा, डोस माझा, हे तिचं ठरलेलं वाक्य. चौदा वर्षांत गमऱ्यांनी तेलाला हात लावला नव्हता.

अडतीस दिवसांपूर्वी भाजी निवडता निवडता तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. चार दिवस दवाखान्यात होती. पाचव्या दिवशी संपलं.

गमरे रडले नाहीत. जलदान विधीला गावाकडची मंडळी आली, बौद्धाचार्यांनी वंदना घेतली, मुलगी मनस्वी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून हमसून हमसून रडली. गमऱ्यांनी तिच्या पाठीवर हात फिरवला आणि जेवणाच्या पंगतीत ताक पोचलं का ते पाहायला गेले. माणूस खंबीर आहे, असं काहीजण म्हणाले. काहीजणांनी नुसतं एकमेकांकडे पाहिलं. गमऱ्यांना स्वतःलाच त्याचा पत्ता लागत नव्हता. दाढ काढताना डॉक्टर सुई देतात, मग गाल आपला असून आपला राहत नाही, तसं त्यांचं सगळं अंग झालं होतं. मनस्वी खारघरहून रोज संध्याकाळी फोन करायची, जेवलात का म्हणून विचारायची. ते हो म्हणायचे. बहुतेक वेळा ते खरंही असायचं.

तांडेलांची करवत त्यांच्याकडे आली तेव्हा संघप्रिया होती. पिस्टन पार खरवडून गेला होता आणि तसा पिस्टन आता कुठे मिळत नव्हता. अकरा महिने फोनाफोनी केल्यावर केरळातल्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने एक पाठवला आणि सोबत निरोप दिला, की हा शेवटचा, पुन्हा फोन करू नका. तो बसवायचाच राहिला होता. तेराव्या-चौदाव्या दिवशी हाताला काहीतरी काम हवं म्हणून गमऱ्यांनी तो बसवला. काम चोख झालं. हातांना सगळं येत होतं. फक्त करवत घरी चालू करून पाहिली नाही. बायको जाऊन महिना झाला नाही आणि हा गॅलरीत मशीन फिरवतो, असं शेजारीपाजारी म्हणतील, एवढं भान त्यांना होतं. पहिल्यांदा सुरू करायची ती मोऱ्यालाच, बाबांसमोर, असं त्यांनी कुंदनला कळवलं.

वाटेत कुंदन बराच बोलला. उलव्याच्या पुढे रस्ता किती बदलला ते दाखवलं, कंपनीतल्या जुन्या माणसांच्या हकिकती सांगितल्या. गमरे जिथे हुंकार द्यायचा तिथे हुंकार देत होते.

तांडेलांचं घर मोऱ्याच्या धक्क्यापासून हाकेच्या अंतरावर. पडवीत खाटेवर कान्हाबाबा उशीला टेकून बसले होते. दाढी केलेली, अंगात धुतलेला सदरा. आजचा दिवस त्यांच्यासाठी मोठा होता हे दिसतच होतं. कान जवळजवळ गेलेले. कानातलं यंत्र कुंदनने आणून दिलं होतं, पण आता नवीन ऐकण्यासारखं काही राहिलेलं नाही असं सांगून त्यांनी ते सुनेकडे परत दिलं होतं. गमऱ्यांनी चादर सोडली तेव्हा म्हाताऱ्याने नमस्कारबिमस्कार काही केला नाही. वाकून दोन्ही हात करवतीवरून फिरवले, साखळीचा एक दात अंगठ्याने चाचपला आणि मान हलवली.

"कोनी नीट केली हिना?"

"या गमरेभाऊंनी," कुंदनने त्यांच्या कानात ओरडून सांगितलं.

"बरा हात हाय," बाबा म्हणाले.

अंगणात दोन ठोकळ्यांवर बाभळीचा ओंडका ठेवला. कुंदनने मोटरसायकलच्या टाकीतून पेट्रोल काढलं. गमऱ्यांनी ते मलमलच्या फडक्यातून बाटलीत गाळलं, बाटली डोळ्यांसमोर धरून लिटरची खूण पाहिली, थोडं जास्त झालं होतं तेवढं काढलं. मग झाकण न लावता त्यांनी बाटली डावीकडे पुढे केली आणि स्वतः स्पार्क प्लगची वायर बसवायला वाकले. डावीकडे कुंदन उभा होता. त्याने बाटली घेतली आणि फनेल लावून करवतीच्या टाकीत रिकामी करायला सुरुवात केली.

तिसऱ्या झटक्याला करवत सुरू झाली.

आधी खोकली, मग धडधडली, मग पत्र्याच्या छपरालाही हादरे बसतील अशा आवाजात गरजायला लागली. शेजारच्या घरांतून बायका बाहेर आल्या. कान्हाबाबांनी हनुवटी वर केली. डोळे मिटले नाहीत, हसले नाहीत. नुसते सरळ बसले, उशीचा टेका सोडून. कुंदन बापाकडे पाहत होता आणि त्याला रडू आवरत नव्हतं. गमऱ्यांनी पातं ओंडक्यावर टेकवलं. बाभळीचा लालसर भुसा उडायला लागला. चेहरा दहावी पास झालेल्या पोरासारखा व्हायला हवा होता. तो तसा झालेला नाही, हे त्यांच्या स्वतःच्याच लक्षात आलं.

ओंडका अर्ध्यावर आला तेव्हा कान्हाबाबांनी हात वर केला. शाबासकी देताहेत असं सगळ्यांना वाटलं.

"बंद कर," ते म्हणाले. "तेल नाय हाय तिच्यान."

त्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार? गमऱ्यांनी म्हाताऱ्याचे ओठ हललेले पाहिले आणि त्याच क्षणी त्यांच्याही कानांनी ओळखलं. आवाज बारीक झाला होता, कोरडा झाला होता. त्यांचं बोट बटणाकडे गेलं. पोचायच्या आत एक चिरका आवाज आला आणि करवत जागच्या जागी थांबली.

गमऱ्यांनी दोरी ओढली. दोरी भिंतीत चिणल्यासारखी घट्ट. प्लग काढून त्यांनी पुन्हा ओढून पाहिलं, मग टाकीचं झाकण उघडून वास घेतला. नुसतं पेट्रोल होतं. केरळातला शेवटचा पिस्टन पुरती दोन मिनिटंही चालला नव्हता.

कुंदनचा चेहरा उतरला. "भाऊ, तुमी बाटली माझ्या हातात दिलीत, म्हणून मी ओतली. मला वाटलं तयारच आहे."

"तुझी चूक नाही," गमरे म्हणाले. "मी तुला दिलीच नव्हती. मी तिला दिली होती."

कुंदनला समजायला एक क्षण लागला. बाबा काय झालं म्हणून विचारत होते, तेव्हा त्याने त्यांच्या कानाशी जाऊन सांगितलं, की भाऊंची बायको वारली महिन्यापूर्वी, तेल नेहमी त्याच घालायच्या. म्हाताऱ्याने गमऱ्यांकडे पाहिलं.

"मी आयकली," तो म्हणाला. "मना पुरली तेवरी."

गमऱ्यांनी मान डोलावली. म्हाताऱ्याने रागवायला हवं होतं, निदान स्वतःची आपल्याला लाज तरी वाटायला हवी होती, असं ते मनाशी म्हणत होते. पण तिथेही सुई दिल्यासारखंच होतं. जायच्या आधी मशीन स्वच्छ करायची, एवढंच त्यांना सुचलं. त्यांनी करवत उचलून पडवीत आणली, खाटेसमोर फरशीवर मांडी घातली, पिशवीतून ब्रश आणि फडकं काढलं आणि साखळीत अडकलेला भुसा झाडायला लागले. आता राहू द्या, जेवून घ्या, असं कुंदन म्हणाला. सुनेने ताटंही वाढायला घेतली होती. गमरे पुसत होते. दोन दातांमधली फट, मग पुढचे दोन दात, मग त्यापुढचे.

"मेलीला कशाला पुसतंस?" बाबांनी विचारलं. विचारण्यात हेटाळणी नव्हती.

गमऱ्यांचा हात थांबला.

"संघप्रियाला मी पुसलं नाही," ते म्हणाले. म्हाताऱ्याला ऐकू जाणार नाही हे ठाऊक होतं आणि तरी ते त्याच्याकडेच पाहून बोलत होते. "घरी आणली तेव्हा बायकांनी आंघोळ घातली. मनस्वी मला बोलवायला आली होती, बाबा, आईला हात लावा म्हणाली. मी खाली होतो. मंडपवाल्याला खुर्च्या कुठे लावायच्या ते सांगत होतो. वर आलो तेव्हा पांढरी साडी नेसवून झाली होती. चौदा वर्षं मी भंगारातली यंत्रं घासूनपुसून ठेवली. तिचं तोंडसुद्धा पुसलं नाही."

बोलताना आवाज चढला नाही की कापला नाही. पण छातीत कुठेतरी, अगदी खोल, दुखायला लागलं होतं. अडतीस दिवसांत पहिल्यांदाच दुखत होतं. ते हळूहळू वर येत होतं आणि गमऱ्यांना त्याची भीतीही वाटली आणि बरंही वाटलं. ते फडकं जोरजोरात घासायला लागले, तशी करवत फरशीवर डुगडुगायला लागली.

कुंदन उंबऱ्यात ताट घेऊन उभा होता, तो तसाच मागे फिरला. कान्हाबाबांनी खाटेवरून पाय खाली सोडले. त्यांना तेवढ्यानेही धाप लागली. ती ओसरेपर्यंत थांबून ते पुढे वाकले आणि करवत हलू नये म्हणून तिची मूठ त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवली. गमरे खाली मान घालून पुसत राहिले.