ख्रिसमसला आम्ही गाजर खातो

महानंदाबाई रागात होत्या. आजच्या नव्हे, नऊ वर्षांपासूनच्या. तो राग त्या रोज शाळेत घेऊन येत आणि रोज तसाच घरी परत नेत. त्यामुळे शाळेला त्याचा काही त्रास नव्हता.

शाळा उदगीरची. तिचं नाव सांगत नाही. नावात 'इंटरनॅशनल' आहे, म्हणजे ती कुठलीही असू शकते. संस्थाचालक महादेवप्पा यांची मूळची डाळमिल. मिलच्या शेजारी जागा रिकामी राहिली म्हणून त्यांनी शाळा काढली. त्यांना सगळे आप्पा म्हणत. कंधारहून नोकरीसाठी आलेल्या महानंदाबाई तिथं चौथीला इंग्रजी शिकवत, आणि नऊ वर्षांपासून 'तात्पुरत्या' होत्या. कायम करण्याची ऑर्डर जूनमध्ये मागितली की आप्पा म्हणत, "दिवाळी होऊ द्या." दिवाळी झाली की म्हणत, "आता जूनलाच बघू."

यंदा मात्र आप्पांनी तारीख दिली. पुण्याच्या एका कंपनीचा 'सणांतून इंग्रजी' नावाचा अभ्यासक्रम त्यांनी विकत घेतला होता. कंपनीचे साहेब डिसेंबरात येऊन ख्रिसमसचा पाठ बघणार, मार्क देणार.

"शंभरात ऐंशी पाडा बाई," आप्पा म्हणाले, "त्याच दिवशी ऑर्डर हातात. माझ्या आईची शपथ."

आप्पांची आई म्हणजे शांतम्मा, घरादाराची अव्वा. वय ऐंशीच्या पुढं, कपाळावर विभूती, आवाज अजून खणखणीत. आपल्या नावानं कुणी शपथ घेतलीय याची त्यांना कल्पना नव्हती.

कंपनीनं पाठासोबत एक खोकं पाठवलं होतं. त्यात प्लास्टिकचं झाड, लाल टोप्या, आणि ख्रिसमसच्या जेवणाचे प्लास्टिकचे नमुने होते. आप्पांची नात स्वप्नाली चौथीतच होती. तिनं त्यातला एक नमुना सरावासाठी घरी नेला आणि जेवताना ताटाशेजारी ठेवून म्हणाली, "वी ईट रोस्ट टर्की."

"हे काय हाय गं?" शांतम्मांनी विचारलं.

"टर्की, अव्वा. लई मोठी कोंबडी. अख्खी भाजून खातेत."

त्या संध्याकाळी स्वप्नालीला डोक्यावरून आंघोळ घातली गेली. टर्की कंपाउंडच्या बाहेर गेली. दुसऱ्या दिवशी आप्पा लाल पेन घेऊन वर्गात आले आणि बाईंच्या खुर्चीत बसून पाठातली जेवणाची यादी पुढं ओढली.

"टर्की काटा. केकमध्ये काय असतंय?"

"अंडी. पण बिनअंड्याचाही करता येतो आप्पा."

"लोकं अंडंच समजतेत. काटा. हे पुडिंग?"

"त्यावर ब्रँडी ओतून पेटवतात."

"शाळेत?" आप्पांनी गळ्यातल्या इष्टलिंगाला हात लावला. "काटा. हे बिस्कुट माणसासारखं का दिसून राहिलंय?"

"जिंजरब्रेड मॅन. मुलं आधी त्याचं डोकं खातात."

ते आप्पांनी स्वतःच काटलं. यादीच्या तळाला एकच जिन्नस उरला.

"गाजर. हे बरं हाय. शुद्ध हाय."

"आप्पा, ते सांताच्या हरणासाठी दाराबाहेर ठेवतात. माणसं खात नाहीत."

"मग आपण खाऊ की. हरणाला कोण इचारून राहिलंय?"

अशा रीतीनं चौथीची बेचाळीस मुलं पंधरा दिवस एका सुरात म्हणत राहिली, "ॲट ख्रिसमस वी ईट कॅरट." प्रत्येक 'कॅरट'ला बाई दात आवळत. ऐंशी मार्क गाजरावर पाडायचे होते.

आणि मग आप्पांनी सांगितलं, "साहेबांना मी शुक्रवारी बोलावलंय."

"शुक्रवारी येळवस आहे."

वेळ अमावस्येला आमच्याकडं येळवस म्हणतात. त्या दिवशी लातूर जिल्हा कुलूप लावून शेतात जातो. कडब्याच्या खोपीत पाच दगडांचे पांडव मांडतात, पूजा करतात, आणि मग दाण्या-शेंगांची पातळ भज्जी, बाजरीचे उकडलेले उंडे, ताकातली आंबील यांच्यावर तुटून पडतात. ज्याला शेत नाही तो दुसऱ्याच्या शेतात जातो. शहरात त्या दिवशी दगड मारायला कुत्रंसुद्धा सापडत नाही.

"एकही पोरगं येणार नाही, आप्पा."

"कसं येत न्हाईत? ग्रुपवर मेसेज टाकतो मी."

मेसेज इंग्रजीत होता. पालकांनी अंगठा दाखवला आणि भज्जीसाठी तुरीच्या शेंगा सोलायला बसले.

शुक्रवारी सकाळी नऊ वाजता शाळेत तीन जण होते. महानंदाबाई, पुण्याचे साहेब आणि सांताक्लॉज. सांताक्लॉज म्हणजे शिपाई भुजंग. तो फाटकाशी स्टुलावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याकडं रागानं बघत होता. येणारं-जाणारं कुणी नव्हतं, म्हणून तो नुसता रस्त्याकडं रागानं बघत होता.

"बिलोलीला माझं शेत हाय बाई," तो म्हणाला. "भाऊ एकटा पूजा करून राहिला. अन् मी हितं कापसाची दाढी लावून कुणाला टाटा करू?"

साहेब हातातल्या टॅबवर बोट फिरवत होते. "विद्यार्थी कधीपर्यंत येतील?"

बाईंनी आप्पांना फोन लावला. पलीकडं वारा होता आणि तोंडात घास होता.

"एकबी न्हाई आलं? कमाल हाय लोकांची! शिक्षणाची काही किंमतच न्हाई."

"तुम्ही कुठं आहात आप्पा?"

"मी? शेतात. आज येळवस न्हाई का!"

बाईंनी फोन ठेवला. खोकं उचललं, रस्त्यावर उभी असलेली एकमेव रिक्षा बोलावली, तीत आधी खोकं टाकलं आणि मग साहेब. भुजंगला म्हणाल्या, "तू जा बिलोलीला." तो दाढीसकट बसस्टँडकडं पळाला.

देवणी रस्त्यावर आप्पांचं शेत. हरभरा गुडघ्याला लागत होता. खोपीपुढं सतरंज्या, सतरंज्यांवर निम्मी गल्ली आणि तिच्यात चौथीची एकोणीस मुलं. बाईंना बघून मुलांचे हात पाठीमागं गेले.

साहेबांच्या हातात आल्या आल्या ताट आलं. बाईंनी मात्र आपलं ताट बाजूला सारलं. "आधी पाठ."

प्लास्टिकचं झाड हरभऱ्यात उभं केलं. टोप्या वाटल्या. बाईंनी विचारलं, "व्हॉट डू वी ईट ॲट ख्रिसमस?"

"वी ईट कॅरट!" एकोणीस गळे, एक सूर. शेजारच्या शेतातला बैल उठून उभा राहिला.

साहेबांनी टॅबकडं पाहिलं. टर्की, शून्य. केक, शून्य. पुडिंग, शून्य. मग त्यांनी भज्जीचा घास घेतला, थबकले, आणि पाठ विसरून समोरच्या पोरीला इंग्रजीतच विचारलं, की हे काय आहे, यात काय काय घातलंय?

ती पोरगी स्वप्नाली होती. बाईंच्या वर्गात नऊ वर्षांपासून एक नियम होता. डबा उघडायचा तर त्यात काय आहे, कुणी केलं, कसं केलं, हे इंग्रजीत सांगायचं. नाहीतर उपाशी. मराठवाड्यातलं पोरगं उपाशी राहायला तयार नसतं, म्हणून ते बोलायला शिकतं.

"माय ग्रेट-ग्रँडमदर वोक अप ॲट थ्री," स्वप्नाली म्हणाली आणि सुटलीच. हिरवा हरभरा, वालाचे दाणे, बोरं, चिंच, बेसन, पातेलं केवढं, विस्तव कसला, आत्यानं मीठ दोनदा घातलं आणि अव्वा तिला काय बोलली. तिला वर्गातल्या दयानंदनं मध्येच अडवलं. आमच्या घरची आंबील हिच्यापेक्षा आंबट असते आणि का असते, हे त्यानं इंग्रजीतच पटवलं. मग भांडण लागलं. एकोणीस जणांचं, व्याकरणासह.

"एक्सलंट," साहेब म्हणाले आणि तिसऱ्यांदा भज्जी घेतली. "मी महाराष्ट्रभर फिरतो, पण असं कुठं ऐकलं नाही."

"किती मार्क?" बाईंनी विचारलं.

"चौतीस."

"आत्ता एक्सलंट म्हणालात."

"हो, पण याला रकानाच नाही ना मॅडम. ॲप मला लिहूच देत नाही. टर्कीचे वीस, केकचे वीस..." त्यांनी आंबिलीचा पेला पुढं केला. "जरा मिळेल का अजून?"

आप्पा हात पुसत आले. "चौतीस? अरेरे. बरं, मनाला लावून घेऊ नका. ऑर्डरचं आपण जूनला बघू."

तेव्हा महानंदाबाई बोलायला लागल्या. इंग्रजीत. मराठीत बोलल्या असत्या तर त्यात 'आप्पा' आलं असतं, 'तुम्ही' आलं असतं, नऊ वर्षांचा नमस्कार आडवा आला असता. इंग्रजीत ती अडचण नव्हती. आवाज चढला नाही. वाक्य एकेक, पूर्ण, ठासून. इंग्रजी शाळेच्या चालकाला त्यातलं फक्त 'नो' कळलं. साहेबांना सगळं कळलं आणि ते ताटात बघू लागले.

खोपीतून शांतम्मा म्हणाल्या, "स्वप्नाली, काय म्हणून राहिली गं ती?"

"टीचर म्हणतेत, आप्पांनी नऊ वर्षं फसवलं."

"अगं, गप," आप्पा म्हणाले.

"तू गप रे," शांतम्मा म्हणाल्या. "पुढं सांग."

"म्हणतेत, ज्यांना गाजर खायचंय त्यांनी खावं. मी माणूस आहे, हरीण नाही." स्वप्नालीनं श्वास घेतला. "म्हणतेत, ऐंशी पाडले की ऑर्डर देतो म्हणून आप्पांनी शपथ घेतली होती. अव्वा, तुझी शपथ. म्हणतेत, पाठ त्यांनीच कापला, दिवस त्यांनीच निवडला, म्हणजे द्यायची नव्हतीच."

शेतात कुणी घास चावत नव्हतं. शांतम्मांनी लेकाकडं पाहिलं. लेक हरभऱ्याकडं बघत होता.

बाईंनी अजून एक वाक्य उच्चारलं. लहानसं.

"अन् हे?" शांतम्मांनी विचारलं.

स्वप्नाली बोलेना. तिची टोपी एका कानावर आली होती.

"काय म्हणाली गं?"

"कळलं न्हाई मला."

बाईंनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं, सावकाश, वर्गात म्हणतात तसं.

"न्हाई कळलं," स्वप्नाली म्हणाली आणि रडायला लागली.

मग बाईंनीच मराठीत सांगितलं, "सोमवारपासून मी येणार नाही, अव्वा."

शांतम्मांनी आधी लेकाला एक कानडी शब्द ऐकवला, जो इथं लिहिता येत नाही. मग स्वतः ताट वाढलं आणि दोन्ही हातांनी पुढं केलं. "त्याचं मी बघते. तू जेवून जा. येळवशीला शेतातून कुणी उपाशी गेलेलं मी जन्मात पाहिलं न्हाई."

"बघा आज," महानंदाबाई म्हणाल्या, म्हातारीला वाकून नमस्कार केला आणि बांधावरून चालू लागल्या. मागून आप्पा ओरडत होते, "अहो बाई, निदान दोन घास तरी! लोक काय म्हणतील?" ऑर्डरीसाठी ते एवढ्या जोरानं कधी ओरडले नव्हते.

रस्त्याला रिक्षा नव्हती. दोन्ही बाजूंच्या शेतांतून हाका येत होत्या. त्या दिवशी रस्त्यानं जाणाऱ्याला ओळख विचारत नाहीत, जेवायला बोलावतात. पहिल्या शेताला बाईंनी नुसता हात हलवला. दुसऱ्याला तोही नाही. तिसऱ्या शेतात अमृतराव नावाचा गडी थेट रस्त्यात येऊन उभा राहिला. "बाई, ऊन झालंय. चला."

त्याची बायको नागुबाई हिनं वाढलं. महानंदाबाई जेवल्या. उंडे त्या मुठीत धरून ठेचत होत्या.

"सावकाश खा," नागुबाई म्हणाली. "कुणावर चिडल्या एवढ्या?"

बाईंनी पेला पुढं केला. तिनं आंबील ओतली.

"काय करता आपण?" अमृतरावानं विचारलं.

"शाळेत होते. सकाळपर्यंत."

"मग आता?"

"आता जेवते आहे," महानंदाबाई म्हणाल्या आणि भज्जी मागितली.