रोआरला दिलेली क्षमा

हिमकडा कोसळला तर जीव कसा वाचवावा, हे शिकवायला गावच्या सभागृहात रोआरच उभा राहिला.

हा रोआर आमच्याच फ्योर्डच्या, डोंगरात शिरलेल्या खाडीच्या, काठचा. परक्या पाहुण्यांना स्कीवरून डोंगरात नेण्याचा त्याचा धंदा. गेल्या हिवाळ्यात त्याच्याकडे वाटाडी असलेली माझी भाची इंगविल त्याचेच पाहुणे घेऊन वर गेली आणि बर्फाखाली गाडली जाऊन मेली. तेव्हापासून गावभर एकच बोलवा: पोरीनं हिमकड्याचा इशारा वाचलाच नाही. तो डाग पुसला जावा, एवढ्यासाठी तिची आई, माझी भावजय ओद्नी, आज पहिल्या रांगेत बसली होती. अपघाताच्या दिवशी सकाळी इंगविलनं तिला फोनवर सांगितलं होतं, "आई, आज धोका पाचापैकी चार लावलाय. पण रोआर म्हणतो, पाहुणे रिकामे परत कसे पाठवू?"

वाफल आणि कॉफी नेहमीप्रमाणे आम्हा प्रार्थनाघरातल्या बायकांकडे होती. दारात रोआरची माणसं कंपनीच्या टोप्या फुकट वाटत होती. टोप्या घालून जॅम चाटत तरुण पोरं पडद्यावर इंगविल गाडली गेली तोच उतार बघत होती.

"चूक कुठं होते?" रोआर म्हणाला. "अनुभव कमी, घाई जास्त. आमच्या मुलीचंही तेच झालं."

आमच्या मुलीचं! मी किटली टेबलावर आदळली.

मग तो खाली उतरला आणि ओद्नीसमोर गुडघ्यावर बसला. फोनवर चित्रण करणाऱ्या त्याच्या माणसानं फोन जरा जवळ आणला, चेहरा नीट दिसावा म्हणून.

"ओद्नी, मला क्षमा कराल?"

आमच्यात क्षमा मागणाऱ्याला नाही म्हणत नाहीत. लहानपणी आईबरोबर प्रार्थनाघरात येऊन बसायचा हा, त्याला ते पुरतं ठाऊक. ओद्नीनं त्याच्या खांद्यांवर हात ठेवले. "येशूच्या नावानं आणि रक्तानं तुझ्या पापांची क्षमा झाली आहे," ती हळूच म्हणाली.

सभागृहात नाकं ओढली गेली. रोआर डोळे पुसत उठला आणि फोनकडे वळला. "पाहिलंत? डोंगरापुढे कुणाचाच दोष नसतो. आई स्वतः सांगते आहे."

देवाचं नाव घेऊन हात झटकायचे, आणि वर त्याची जाहिरात!

"रोआर," ओद्नी जागेवरूनच म्हणाली, "दोष नव्हता, तर मी क्षमा कशाची केली रे?"

"म्हणजे... आपलं सगळ्याचीच."

"आमच्यात पाप नाव घेऊन सांगतात. सांग ना. ही पोरं उद्या तिथंच चढणार आहेत."

"ओद्नी, हे नंतर बोलू या का? कॉफी घेता घेता?"

"कॉफी गार झाली तरी चालेल," मागून एक मुलगी म्हणाली. टोपी तिनं काढून मांडीवर ठेवली होती. "त्या दिवशी इशारा किती होता?"

"तीन... तीनच्या आसपास."

"आसपास असं काही नसतं. ते हवामान खात्याच्या पानावर सापडतं. बघू का?" तिनं फोन काढलाही.

"चार," रोआर पुटपुटला. घशात अडकलेला माशाचा काटा काढावा तसा तो आकडा निघाला. "इंगविलनं मला सांगितलं होतं. तिला नको होतं जायला. मी पाठवलं." मग फोनवाल्याकडे बघून खेकसला, "बंद कर ना ते!"

ओद्नीनं डोळे मिटले. टोपीवाल्या एकानं तेवढ्यात हळूच विचारलं, तपकिरी चीज संपलं का म्हणून.

जाताना रोआर माझ्याकडे कपासाठी हात पुढे करून उभा राहिला. मी कॉफी ओतली. तो माझ्याकडे बघेना. मी तिची आत्या, पण माझी क्षमा मागायची त्याला गरज वाटली नाही. मागितली असती, तर मलाही द्यावीच लागली असती. देवानं त्या संध्याकाळी मला तेवढ्यातून सोडवलं.