नारळाच्या पाण्यातला चा-चा

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे, आणि माझं खरं गाणं कोणतं, हे मला अजूनही नीट सांगता येत नाही. हसू नका. तुमच्या पोटात भलत्या वाटेने नारळाचं पाणी शिरलं असतं, तर तुमचाही असाच गोंधळ उडाला असता.

माझा जन्म दूर परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे माझ्यात नाना देशांचे ताल भरले आणि प्रत्येक तालाला एकेक बटण दिलं. त्यातलं एक चा-चाचं. क्यूबा नावाच्या बेटावर तो नाच नाचतात म्हणे. दोन पावलं सावकाश, मग तीन घाईघाईने, आणि कंबर चालते तिच्या मनाने. आता विदर्भातल्या आमच्या पांढरकवड्यात या तालाला कोण विचारणार? मला विकत आणणाऱ्या चारुदत्त साहेबांनी तर त्या बटणाला कधी बोटही लावलं नाही.

साहेब टेलिफोन ऑफिसात होते. तिथलं जुनं यंत्र नंबर फिरवला की खटखट, खटखट असं बोलायचं. त्या आवाजात साहेबांची उमेदीची वर्षं गेली. पुढे नवं यंत्र आलं, ते अगदी मुकं. जुनं भंगारात निघालं त्या दिवशी साहेब जेवले नाहीत. मग त्यांनी माझ्यावर एक सुरावट बांधली. त्या यंत्रासारखीच खटखट चालणारी, सरळ, एक ठोका इकडचा तिकडे न होणारी. "शुभदा, आपलं जुनं एक्सचेंज आता एवढ्यातच उरलंय," ते बायकोला म्हणाले. रोज वाजवण्याआधी ते मला मऊ फडक्याने पुसायचे, आणि मी अभिमानाने फुगून जायचो.

ही सुरावट चार लोकांनी ऐकावी, एवढीच त्यांची इच्छा होती. मुलीच्या, म्हणजे स्पृहाच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात ती संधी आली. तिच्या वर्गाने त्यावर यंत्रमानवांचा नाच बसवला.

ते कापसाचं वाईट वर्ष होतं. भाव पडलेला, खरेदी रखडलेली, आणि घराघरांत कापूस आढ्याला टेकलेला. स्पृहाची मैत्रीण अर्पिता हिच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती, म्हणून मुली सरावाला आमच्याकडे यायच्या. अर्पिता आली की आधी फ्रॉकला चिकटलेला कापूस झटकायची आणि मग हात ताठ करून यंत्रमानव व्हायची. संमेलनाच्या दुपारी मंडप भरला खरा, पण माणसं कोणाच्या तरी भेटीला दवाखान्यात आल्यासारखी गप्प बसली होती.

आपल्याकडे नारळ फोडल्याशिवाय कधी काही सुरू होतं का? अर्पिताचे वडील मारोतराव शाळा समितीचे अध्यक्ष, तेव्हा नारळ त्यांच्या हातात. गुरुजींनी त्यांना पूजेचा पाट दाखवला. पण मारोतरावांची नजर पडली माझ्यावर.

"वाजनार हा बाजा, अन् नारळ तिकडं कायले फोडता मास्तर? थोडसं पानी याच्याबी अंगावर पडू द्या!"

आणि माझ्या अगदी पुढ्यात दगड ठेवून त्यांनी असा काही नारळ हाणला, की अर्धं पाणी माझ्या बटणांत. त्यांच्या पत्नी बेबीताईंनी वरून हळदकुंकू वाहिलं. मी देव झालो की बिघडलो, मला कळेना.

मुली रंगमंचावर आल्या. अंगात चंदेरी कागद लावलेली खोकी. साहेबांनी सरळ ठेक्याचं बटण दाबलं, आणि माझ्या पोटातून निघाला चा-चा! त्यांनी पुन्हा दाबलं. पुन्हा चा-चा. थांबवायचं बटणही चिकटलेलं. साहेब, हे मी करत नाही हो, असं मला ओरडावंसं वाटत होतं, पण माझ्या तोंडात त्या बेटाखेरीज दुसरं काही येईना.

स्पृहा बाबांकडे पाहत होती. साहेबांनी घाम पुसला आणि त्या वाकड्या तालावर आपली सरळ सुरावट वाजवायला घेतली. ती अडखळली, लंगडली, आणि मग कशी कोण जाणे, चालू लागली. मुली बावरल्या. अर्पिताचे हात यंत्रासारखे ताठच होते, पण तिची कंबर हलली आणि अख्खं खोकं डुललं.

"अव माय! हे मशीन तं मुरकून राह्यलं!" पहिल्या रांगेतून बेबीताई ओरडल्या.

मंडप हसला. इतका हसला, की लोकांनी टाळ्यांचा ठेकाच धरला. हे कौतुक की फजिती, मला काहीच उमगेना.

साहेबांना मात्र उमगलं होतं. "माझं एक्सचेंज मी लोकांना हसायला दिलं," ते घरी एवढंच बोलले. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला उघडून स्पिरिट आणि कापसाने आतून पुसलं. सगळे ताल परत आले. पण एकही न वाजवता त्यांनी मला माळ्यावर टाकलं. धुळीत पडल्यापडल्या मी एकच विचार करत असे, माझं काय चुकलं?

एके दिवशी खालून मारोतरावांचा आवाज आला. तुरीच्या शेंगा घेऊन आले होते.

"साहेब, ते तुमचं खटखट गानं लावा ना. वावरात बाया कापूस वेचता वेचता तेच म्हनून राह्यल्या. माह्या नारळाले देव पावला म्हना!"

"कोणतं गाणं?" साहेबांनी विचारलं.

मारोतरावांनी गुणगुणून दाखवलं. सूर भलतेच, पण खटखट सगळी जागच्या जागी. एकही ठोका सांडला नव्हता.

साहेब स्वतः माळ्यावर चढले. मला खाली आणून पुसलं आणि मोठ्या हौसेने अस्सल, सरळ सुरावट ऐकवली. मारोतराव मान तिरकी करून ऐकत राहिले.

"हे कोनतं होय? हे नाही साहेब. आपलं लावा ना, आपलं!"

आपलं! साहेबांचा हात हवेतच थांबला. डोळे भरून आले होते. मग त्यांनी आपल्या बोटाने, आयुष्यात पहिल्यांदा, चा-चाचं बटण दाबलं.

आता साहेब निवृत्त झालेत. एकटे असले की सरळ वाजवतात, कोणी आलं की चा-चात. दोन्हींतलं खरं कोणतं, ते मला विचारू नका. मित्रांनो, वाद्यांची पूजा कोरड्या फडक्याने करा आणि नारळ जरा लांब फोडा. आणि एखादं वाद्य भलतंच वाजलं, तर त्याला माळ्यावर टाकण्याआधी दाराबाहेर क्षणभर उभे राहा. वावरात ते कोणी गुणगुणत असेल.